यंत्रमागाचा प्रश्न कोणत्या सूचीत शोधावा?

नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील पदव्युत्तर वर्गांत २०२३-२४ या वर्षापासून सुरू झाली, आणि संशोधनपद्धती हा विषय व त्याच्या जोडीला संशोधन प्रकल्प ही गोष्ट एम. ए., एम. कॉम.च्या सर्वसाधारण विद्यार्थ्याच्याही वाट्याला आली. पूर्वी संशोधन हा पीएच. डी. करणाऱ्या मोजक्या मंडळींचा उद्योग मानला जाई. आता भिवंडीसारख्या गावात सकाळी वर्गात बसणारा आणि दुपारनंतर एखाद्या गोदामात किंवा सायझिंगच्या कचेरीत हिशेब लिहिणारा विद्यार्थीही संशोधक ठरला आहे. हे स्वागतार्हच म्हटले पाहिजे. परंतु संशोधनाचा आरंभ ज्या कामापासून होतो, म्हणजे आपल्या विषयावर यापूर्वी कोणी काय लिहून ठेवले आहे ते शोधून वाचण्यापासून, ते काम कसे करावे हे त्याला कोणी सांगितले आहे काय? प्रकल्पाच्या दुसऱ्या प्रकरणाला ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ असे भारदस्त नाव असते, आणि बहुतेक प्रकल्पांत तेच प्रकरण सर्वांत पोकळ असते, हे परीक्षकांपासून लपलेले नाही.

याचे कारण विद्यार्थ्यांचा आळस, असे सांगून मोकळे होणे सोयीचे आहे. खरे मात्र नाही. विद्यार्थी शोधतो, आणि बराच वेळ शोधतो. पण तो शोधतो एकाच ठिकाणी. हातातल्या मोबाइलवर गूगल उघडावे, प्रकल्पाचे संपूर्ण शीर्षकच त्यात लिहावे आणि पहिल्या पानावर जे येईल ते उतरून घ्यावे, अशी ही रीत आहे. त्या पहिल्या पानावर वर्तमानपत्रांतील बातम्या असतात, तयार प्रकल्प विकणाऱ्यांची दुकाने असतात, आणि पैसे भरताच आठवडाभरात काहीही छापून देणाऱ्या तथाकथित आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतील लेख असतात. दोन-तीन दिवस असे गेले की ‘भिवंडीवर फारसे काही लिहिले गेलेले नाही’ असे एक वाक्य टाकून विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे वळतो, आणि मार्गदर्शकही ते वाक्य तसेच राहू देतात.

वस्तुतः भिवंडीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ते एका जागी नाही. संशोधनपर नियतकालिकांतील लेखांच्या नोंदी ज्यात एकत्र केलेल्या असतात त्या संग्रहाला आज डेटाबेस म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. ती लेखांची सूचीच होय. आणि प्रत्येक सूची कोणी तरी, कोणत्या तरी विद्याशाखेसाठी, कोणत्या तरी हेतूने सिद्ध केलेली असते. वैद्यांनी केलेल्या सूचीत मजुरीचे दर सापडणार नाहीत आणि अर्थशास्त्रज्ञांच्या कपाटात फुप्फुसाचे विकार सापडणार नाहीत. तेव्हा सूची निवडणे ही केवळ यंत्र चालवण्याची हातोटी नव्हे. आपला प्रश्न नेमका कोणाचा आहे हे विद्यार्थ्याला उमगले आहे की नाही, याची ती पहिली परीक्षा आहे.

एकच उदाहरण घेऊ. यंत्रमागाच्या कारखान्यात एका छपराखाली अनेक माग अहोरात्र चालतात आणि कामगाराची पाळी बारा तासांची असते. या एका दृश्यातून तीन वेगवेगळे प्रश्न निघतात. त्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभा राहणाऱ्या माणसाच्या कानांचे काय होते, हा पहिला. त्याला मीटरवर मिळणारी मजुरी कशी ठरते आणि मागाचा मालक स्वतः कोणत्या व्यापाऱ्याच्या सुतावर अवलंबून असतो, हा दुसरा. उत्तर प्रदेशातून, तेलंगणातून आणि कोकणातून आलेली माणसे या गावात शेजारी कशी राहतात आणि ते शेजार केव्हा तुटते, हा तिसरा. विद्यार्थ्याच्या कागदावर मात्र या तिन्हींचे शीर्षक ‘भिवंडीतील यंत्रमाग कामगारांच्या समस्यांचा अभ्यास’ हेच असते. शीर्षक असे सैल असेल, तर जगातली कोणतीही सूची त्याला उत्तर देऊ शकणार नाही.

पहिला प्रश्न वैद्यकाचा. त्याच्यासाठी पबमेड ही सूची आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. तिचे मूळ १८७९ सालचे आहे. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी त्या वर्षी ‘इंडेक्स मेडिकस’ नावाची छापील सूची सुरू केली. तिचेच पुढे संगणकीकरण झाले आणि १९९७ पासून ती पबमेड या रूपाने सर्वांना खुली झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. पण तिचे खरे बळ या संख्येत नाही. तिच्यातील बहुसंख्य लेखांना ठरावीक विषयशीर्षके दिलेली असतात. लेखकाने आपल्या लेखात कोणताही शब्द वापरलेला असो, गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाला सूचीत एकच शीर्षक, व्यवसायातील गोंगाटाला एक, वस्त्रोद्योगाला एक. कापसाच्या तुसाने होणाऱ्या श्वसनविकाराला ‘बिसिनोसिस’ हे वेगळे शीर्षक आहे. ही शीर्षके आधी पाहून घेतली, तर एका दुपारी जे हाती लागते ते गूगलवर महिन्यात लागत नाही. अशा शोधात भिवंडीचे नाव कदाचित येणार नाही. पण इतर गावांतल्या मागांवर उभ्या असलेल्या कामगारांच्या कानांची मोजमापे मिळतील, आणि भिवंडीच्या कामगाराची तुलना करायला तीच हवी असतात. पबमेडमध्ये बहुधा लेखाचा सारांशच मिळतो, हेही सांगितले पाहिजे. संपूर्ण लेख हवा असेल तर पबमेड सेंट्रल या तिच्या जोडीच्या खुल्या संग्रहात पाहावे. पुष्कळ विद्यार्थी सारांशालाच लेख समजतात आणि त्यावरच आढावा लिहितात. ते मान्य करता येणार नाही.

दुसरा प्रश्न अर्थशास्त्राचा. यासाठी फार दूर जावे लागत नाही, कारण या विषयावरील सर्वांत उपयुक्त नियतकालिक मुंबईतूनच निघते. सचिन चौधरी यांनी १९४९ मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केले. १९६६ पासून ते ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नावाने निघू लागले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत संप झाला, गिरण्यांचे कापड यंत्रमागांकडे वळले, आणि त्यानंतरच्या काळात यंत्रमागाची चर्चा या साप्ताहिकाच्या पानांवर वारंवार झालेली दिसते. एल. सी. जैन यांचा १९८३ मधील हातमाग विरुद्ध यंत्रमाग हा गाजलेला लेख तेथलाच. या साप्ताहिकाचे जुने अंक जेस्टोर या संग्रहात आहेत. हा संग्रह १९९५ साली अमेरिकेत उभा राहिला, तो एका साध्या अडचणीतून: नियतकालिकांचे जुने बांधीव खंड ठेवायला महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत फळ्या उरल्या नव्हत्या! म्हणूनच जेस्टोर जुन्यासाठी उत्तम आणि नव्यासाठी अपुरा. अनेक नियतकालिकांचे ताजे अंक तेथे काही वर्षांनी येतात. २०१७ मध्ये आलेल्या वस्तू व सेवा कराचा मागावर काय परिणाम झाला याचा अभ्यास करणाऱ्याने केवळ जेस्टोरवर विसंबून भागणार नाही. १९८२ च्या संपानंतरची भिवंडी अभ्यासणाऱ्याला मात्र ते घबाड आहे.

येथे एक क्षुल्लक वाटणारी अडचण येते, आणि निम्मे विद्यार्थी तिच्यापाशीच अडखळतात. ती म्हणजे स्पेलिंग. ‘पॉवरलूम’ हा शब्द इंग्रजीत कोणी एकत्र लिहितो, कोणी तोडून. भिवंडीच्या इंग्रजी नावात कोणी ‘डब्ल्यू’ घालतो तर कोणी ‘व्ही’; शेवटी कोणी ‘आय’ लिहितो, कोणी ‘वाय’. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरमध्ये ठाण्याचे नाव ‘ठाना’ असे आहे. मुंबईचे इंग्रजी नाव १९९५ पर्यंत बॉम्बे होते. सूचीला हे काही ठाऊक नसते. लिहाल ते अक्षर ती शोधते. म्हणून सर्व रूपे लिहून त्यांच्यामध्ये ‘ऑर’ हा शब्द घालावा, म्हणजे यातले कोणतेही एक असले तरी चालेल, असे सूचीला कळते. पुष्कळदा तर गावाचे नाव टाकूच नये. जैन यांच्या त्या लेखाच्या शीर्षकात भिवंडी नाही. मालेगाव, इचलकरंजी, सुरत या गावांवरील लेखांतून भिवंडीच्या प्रश्नाची उत्तरे मिळतात, कारण मागाचे अर्थकारण तालुक्याची सीमा पाळत नाही.

तिसरा प्रश्न समाजशास्त्राचा व राज्यशास्त्राचा, आणि तेथे सूचींच्या मर्यादा उघड्या पडतात. १९७० आणि १९८४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात भिवंडीत भीषण दंगली झाल्या. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी मात्र शांत राहिली. असे का झाले, हा प्रश्न केवळ भिवंडीचा नाही. देशोदेशीच्या अभ्यासकांना त्याने विचार करायला लावले आहे. असगर अली इंजिनिअर यांनी १९८४ च्या दंगलींवर केलेले लेखन नियतकालिकांच्या सूचीत सापडेल. पण १९७० च्या दंगलींविषयीचे सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल. तो नियतकालिकातील लेख नाही, तेव्हा लेखांच्या सूचीत तो येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली ज्या ग्रंथात भिवंडीतील मोहल्ला समित्यांची दखल घेतली, तो ग्रंथ आहे, लेख नव्हे. आणि त्या समित्या उभारणारे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी स्वतः या प्रयोगावर लिहिले ते मराठीत. म्हणजे भिवंडीच्या विद्यार्थ्याने परदेशी सूची कितीही कुशलतेने चाळली, तरी त्याच्या गावाच्या शांततेची हकिगत सांगणारे मराठी पुस्तक तिच्यात हाती लागणार नाही. त्यासाठी गावातल्या वाचनालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

मग गूगल स्कॉलरचे काय, असा प्रश्न येईलच. २००४ साली सुरू झालेले हे साधन वापरू नये असे कोणी म्हणणार नाही. ते विनामूल्य आहे, सर्व शाखांना कवेत घेते, आणि एका बाबतीत खरोखर अमूल्य आहे. एखादा चांगला लेख मिळाला की त्याचा आधार नंतर कोणकोणत्या लेखकांनी घेतला, याची यादी ते दाखवते. ही कल्पना मूळची यूजीन गारफील्ड यांची. त्यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला तेव्हा अशी सूची हा नवलाचा विषय होता. एका लेखाचे बोट धरून मागे आणि पुढे दोन्ही दिशांना जाता येते. परंतु गूगल स्कॉलरमधील नोंदी यंत्राने गोळा केलेल्या असतात. बरे-वाईट पाहून त्या घेणारा संपादक तेथे नसतो. एखादा लेख तेथे दिसला याचा अर्थ तो कोठे तरी अस्तित्वात आहे, एवढाच.

हा इशारा आता अधिक गरजेचा झाला आहे. नियतकालिकांच्या दर्जाचा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगाने यादी करून सोडवू पाहिला. त्या यादीचा एक भाग पुण्यातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले: विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या ज्या हजारावर नियतकालिकांची तपासणी झाली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. मग ‘केअर’ यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. यादीकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय आता मार्गदर्शकाला राहिलेली नाही. लेख वाचूनच त्याचा दर्जा ठरवावा लागेल. त्यातच आता प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी संगणकीय साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. ती कधी कधी लेखक, वर्ष, खंड, पृष्ठे यांसह असे लेख सुचवतात, जे कोणी लिहिलेलेच नसतात. ज्या लेखाची नोंद एकाही सूचीत मिळत नाही, तो प्रकल्पात घेऊ नये, एवढी शिस्त तरी परीक्षकांनी लावावी.

एवढे सारे ठाऊक असूनही लेख उघडेल काय? बहुतेक चांगल्या नियतकालिकांच्या दारात वर्गणीची चौकी असते. येथे शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्रामार्फत २०१० साली ‘एन-लिस्ट’ ही योजना सुरू झाली. महाविद्यालयांना तिच्यातून हजारो नियतकालिके उपलब्ध झाली आणि त्यासाठी महाविद्यालयाकडून अनेक वर्षे पाच हजार रुपये व कर एवढीच वार्षिक वर्गणी घेतली गेली. एखाद्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मंडपावर याहून अधिक खर्च होतो. पण या योजनेची किल्ली ग्रंथपालाच्या हाती असते. विद्यार्थ्याचे नाव नोंदवून त्याला प्रवेशाचा परवलीचा शब्द त्यांनीच मिळवून द्यायचा असतो. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिक्त असते. जेथे भरलेले असते तेथे ग्रंथपाल मूल्यांकन समितीची कागदपत्रे जुळवण्यात गढलेले असतात. शिक्षकांची नावे नोंदली जातात, विद्यार्थ्यांची राहून जातात. वर्गणी भरल्याची पावती मात्र अहवालात न चुकता लागते.

पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. आकडे दिपवणारे आहेत. परंतु ही योजना आखली गेली ती केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था यांच्यासाठी. भिवंडीतील महाविद्यालये प्रामुख्याने शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. आपले महाविद्यालय या यादीत आहे की नाही, हे प्राचार्यांनी स्वतः इन्फ्लिबनेटकडे विचारून विद्यार्थ्यांना सूचनाफलकावर कळवले पाहिजे. त्या उत्तरावरच विद्यार्थ्याने कोठून सुरुवात करावी हे ठरते. दार बंद असेल तर खुल्या साधनांची वाट आहे: लुंड विद्यापीठाने २००३ मध्ये सुरू केलेली खुल्या नियतकालिकांची निर्देशिका, आणि भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रह. शोधगंगेतील एका बऱ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची वाचली, तर नवशिक्याला आपल्या विषयाचा नकाशा मिळतो. मात्र ते प्रकरण उतरून काढण्यासाठी नाही, हे सांगण्याची वेळ शिक्षकांवर येऊ नये.

राहता राहिली मराठी. शोधगंगेत मराठी प्रबंध आहेत; पण पुष्कळांचा मजकूर जुन्या टंकांत जुळवलेला किंवा छायाचित्रासारखा साठवलेला असल्यामुळे देवनागरीत शब्द टाकून तो सापडत नाही. ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘नवभारत’, ‘अर्थसंवाद’ यांसारख्या नियतकालिकांत महाराष्ट्राच्या अर्थकारणावर व समाजकारणावर पिढ्यानपिढ्या जे लिहिले गेले, ते पबमेडसारख्या एखाद्या विषयवार सूचीत एकत्र मिळत नाही. भिवंडीच्या बाबतीत हा तोटा दुहेरी आहे, कारण या गावाचे अर्धे बोलणे उर्दूत चालते, आणि मागाच्या धंद्याची व मागवाल्यांच्या सुखदुःखाची चर्चा उर्दू वृत्तपत्रांतून झाली आहे. या गावचा विद्यार्थी सहज दोन-तीन भाषा वाचतो. परदेशातील कोणत्याही अभ्यासकापाशी नसलेले हे भांडवल त्याच्यापाशी आहे. आणि पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणून त्याच्याकडून मागितले जाते ते केवळ इंग्रजी लेखांचे.

मराठीत सूचीची परंपराच नव्हती असे म्हणता येत नाही, म्हणून हे अधिक खटकते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, आणि त्याच कालखंडातील मराठी नियतकालिकांच्या सूचीच्या कामातही त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा होता. हे सारे हाताने, कार्डांवर नोंदी करून झाले. ती सूची १९५० पाशी थांबते. भिवंडीचे माग ज्या वर्षांत वाढले, गाव ज्या वर्षांत दोनदा जळले आणि एकदा वाचले, ती सारी वर्षे त्यानंतरची आहेत.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येक विभागात प्रकल्प करणारे विद्यार्थी असतात. त्यांतल्या प्रत्येकाने एका मराठी किंवा उर्दू नियतकालिकाचा एक वार्षिक खंड घेऊन त्यातील लेखांच्या नोंदी, शीर्षक, लेखक, अंक, पृष्ठ आणि चार ओळींचा सारांश अशा पद्धतीने करून ग्रंथालयात द्याव्यात, आणि पूर्वसंशोधनाच्या प्रकरणाच्या गुणांपैकी काही गुण त्यासाठी राखावेत, हे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांना करण्यासारखे आहे. त्यासाठी सहा हजार कोटी लागत नाहीत. वेळापत्रकात ग्रंथपालांचा आठवड्यातून एक तास लागतो, आणि तो अद्याप भिवंडीतल्याच काय, मुंबई विद्यापीठाच्या फार थोड्या महाविद्यालयांच्या वेळापत्रकात दिसतो.